मदत हवी आहे: कासव दिवसभर काचेवर चढतंय, कोपरा खरवडतंय, थांबतच नाही

गारठलेली_मुंबईकर:
नमस्कार मंडळी, आम्ही इंग्लंडात लेस्टरला असतो. गेल्या ऑगस्टमध्ये ओळखीच्या एक काकू घर बदलत होत्या, त्यांनी त्यांचं कासव आम्हाला दिलं. हॉर्सफील्ड जातीचं आहे, मूळ कझाकस्तान-उझबेकिस्तानकडच्या कोरड्या माळांवरचं, आणि इथे ह्या जातीला वेगळं सर्टिफिकेट लागत नाही हे मी आधीच बघितलंय, त्यामुळे कायद्यावरून आधी झापू नका प्लीज. वय १०-१२ असेल म्हणाल्या, वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. लेकीने नाव ठेवलं दगडू, कारण आल्यापासून कोपऱ्यात दगडासारखाच बसून असायचा.

आता होळी झाल्यापासून दगडूच्या अंगात काय संचारलंय कळत नाही. सकाळी टायमरने दिवा लागला की तडक मागच्या उजव्या कोपऱ्यात जातो, मागच्या पायांवर उभा राहून काचेवर नखं घासत बसतो, खर्र खर्र खर्र, माझ्या मीटिंगमध्ये पलीकडच्यांनी विचारलं की घरात सुतारकाम चालू आहे का. दोनदा तर उताणा पडलेला सापडला, पाय हवेत, म्हणून आता ऑफिसला जायचीपण भीती वाटते. खाणंही कमी झालंय, डँडेलियनची पानं आधी फडशा पाडायचा, आता हुंगून सोडून देतो.

घर म्हणजे ३ फुटी काचेची पेटी, खाली लाकडाच्या भुश्शाचा बोटभर थर, एका टोकाला गरम दिवा, युव्हीचा बल्ब काकूंचाच आहे, चालू आहे. सासूबाई इथे आल्यात, त्यांचं म्हणणं एकटा पडलाय बिचारा, जोडीदार आणा. आई फोनवर म्हणते देवळातलं कासव बघ कसं शांत असतं. आता तिला काय सांगू, ते दगडाचं आहे गं.

कोणी पाळलंय का? कंटाळलाय, आजारी आहे की अजून काही?

झिपरी:
ताई पहिलं म्हणजे दुसरं कासव अजिबात आणू नका. ही एकटी राहणारी जात आहे, नर असेल तर दुसऱ्याला धडका देऊन, पाय चावून हैराण करेल. दुसरं, काच. त्यांना काच कळतच नाही हो, पलीकडचं दिसतंय म्हणजे जाता येईल एवढंच त्यांचं गणित, शिवाय दिवा लागला की काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं, ते त्याला दुसरं कासव वाटत असेल. खालच्या १५-२० सेंटीमीटरला बाहेरून ब्राउन पेपर लावा, आजच. ३ फूट लहानच आहे, निदान ४ बाय २ चं लाकडी उघडं टेबल करा.

आणि तो बल्ब. युव्हीचा बल्ब डोळ्यांना लख्ख दिसतो पण आतून युव्ही संपत आलेलं असतं, ट्यूब असेल तरी वर्षाने बदलायची. काकूंनी कधी घेतला होता विचारा. दिव्याखाली ३२ ते ३५ डिग्री, थंड टोकाला २०-२२, हे थर्मामीटरने मोजा, हाताने नाही.

पेठेतला:
आमच्या वाड्यात लहानपणी स्टार कासव होतं, पांढऱ्या चांदण्या पाठीवर, ते पण पावसाळ्यात असंच भिंतीला धरून गोल गोल फिरायचं. आता कोणी पाळू नका म्हणजे झालं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बेकायदा आहे आणि तरी लोक वास्तूला चांगलं म्हणून चोरून घेतात. धागाकर्तीला नाही, इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

गारठलेली_मुंबईकर:
झिपरी, तुमचे पाय कुठेत? बल्ब विचारला तर काकू म्हणे "अगं असेल दोन-तीन वर्षांचा". नवी टी५ (युव्हीची बारीक नळी) ट्यूब मागवून लावली, पेपर लावला, तीन दिवस खर्र खर्र बंद. मी म्हटलं सुटलो. चौथ्या दिवसापासून आता काचेवर चढत नाही पण भुसा उकरतो. इथे उकर, तिथे उकर, दिवसातून पाच-सहा ठिकाणी. खाणं तसंच कमी.

झिपरी:
नीट बघून सांगा, पुढच्या पायांनी उकरतोय की मागच्या? आणि शेपटी केवढी आहे?

गारठलेली_मुंबईकर:
पाऊण तास जमिनीवर पालथी पडून बघितलं, सासूबाई चहा घेऊन येऊन बघून गेल्या मला काय झालंय ते. तोंड दिव्याकडे करून एकदम स्थिर उभा, आणि मागचा डावा पाय हळूच खाली, तळव्याने भुसा वर ओढला, बाजूला सरकवला, मग उजवा, मग परत डावा. पुढचे पाय हलवलेपण नाहीत. भुसा कोरडा असल्याने खड्डा परत परत ढासळतो, की हा उठून दुसरीकडे. शेपटी आखूड, बुटकी.

झिपरी:
तुमचा दगडू बाई आहे. नराची शेपटी चांगली लांब, एका बाजूला दुमडलेली असते. अंडी घालायला जागा शोधतेय ती, आणि बोटभर कोरड्या भुश्शात तिला जागा मिळत नाहीये. नर नसला तरी अंडी होतात, कोंबडीसारखंच, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. पण अंडी अडकली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे जाऊन एक्स-रे काढा, कुत्र्या-मांजराच्या व्हेटने भागणार नाही.

तोवर मोठ्या टबात माती आणि वाळू मिसळून भरा, तिच्या कवचाच्या लांबीपेक्षा जास्त खोल, मुठीत दाबली तर गोळा होईल इतपत ओली, वरून दिवा. समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा टाका, अंड्याच्या कवचाला कॅल्शियम लागतं. रोज १५ मिनिटं कोमट पाण्यात बसवा.

गारठलेली_मुंबईकर:
जाऊन आलो. तीन अंडी! एक्स-रेमध्ये अगदी स्वच्छ दिसतात, पिंगपाँगचे चेंडू जरा लांबट केल्यासारखी. व्हेट म्हणाली आकार नीट आहे, तब्येत चांगली आहे, घाई करू नका, पण मरगळली किंवा नुसतीच कुंथत बसली तर लगेच आणा. पहिल्या व्हेटने फोनवर "स्प्रिंग आहे, होतं असं" म्हणून उडवून लावलं होतं, तुमचं ऐकलं नसतं तर तसंच बसलो असतो.

लेक नाव बदलायला तयार नाही. सासूबाईंनी मात्र परस्पर दगडाबाई करून टाकलंय आणि बाळंतिणीला डिंकाचा लाडू चालेल का विचारतायत, त्यांना समुद्रफेस दाखवला तर म्हणाल्या हे तर आम्ही कानदुखीला वापरायचो.

काल संध्याकाळी टबात सोडली. दीड तास मागच्या पायांनी खणलं, ह्यावेळी खड्डा ढासळला नाही, सुरईच्या आकाराचा झालाय, अर्धी त्यात उतरून बसली होती. मग काय वाटलं कुणास ठाऊक, माती लोटली आणि जाऊन झोपली. आज सकाळी उकरून बघितलं, आत काही नाही. वजन केलं, तेवढंच आहे. दिवा लावलाय, परत टबाकडेच निघालीये. काही झालं की इथेच लिहिते.