१९६९ च्या आधीची ६३ वर्षे

डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा वारसा १९६९ मध्ये अकोल्याला सुरू झाला, असे म्हटले जाते; मला ते मत अपुरे वाटते, कारण पुढे त्याच विद्यापीठात सामील झालेले आपले नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ चे आहे. (महाराजबागेचे प्राणिसंग्रहालयही विद्यापीठच चालवते, हे कित्येक नागपूरकरांच्या गावी नसते.) विद्यापीठाच्या शिक्षण, संशोधन आणि विस्तार (म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान पोहोचवणे) या तीन कामांवर बरेच लिहिले जाते, महाविद्यालयाचे ग्रंथालय मात्र राहूनच जाते. विद्यार्थी असताना मी तिथे ब्रिटिशकालीन मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कृषी खात्याचे जुने अहवाल चाळले होते. पाने उलटताना कडांचा भुगा बोटांना लागे, आणि कापसाच्या एका तक्त्याशेजारी कुणीतरी शिसपेन्सिलीने ‘पेरणी लांबली’ एवढेच लिहून ठेवले होते.