मासे धरायचा रॉड न्यायला पाइप हवा की कापडी पिशवी पुरते?

गंगापूरकाठ :
परवा इथं कुणीतरी लिहिलं, ‘रॉडला पाइप म्हणजे निव्वळ चोचले. कापडी पिशवीत घाला, बाईकला बांधा, निघा.’ वाचून डोकंच फिरलं. मी वर्षभर हेच करत होतो. नाशिकच्या सातपूरहून गंगापूर धरणावर जाताना माझा 7 फुटी कार्बन रॉड फूटरेस्टवर घासत राहिला. दिसायला नखाएवढा पांढुरका ओरखडा. तीन आठवड्यांनी किलोभराच्या रोहूवर नेमका तिथंच काडकन तुटला! कार्बन वाकून ताण सोसतो, पण बाजूने ठोसा बसला की आतले धागे तुटतात आणि वरून पत्ता लागत नाही. दोन तुकड्यांच्या 7 फुटी रॉडला 4 फूट लांब, अडीच इंची पीव्हीसी पाइप पुरतो. एका टोकाला झाकण चिकटवा, दुसऱ्याला आट्यांचं लावा, तळाशी फोम. दोऱ्याचं रील आधी काढा.

दारणाकर :
‘चोचले’ मीच लिहिलं होतं, आणि शब्द मागे घेणार नाही. इगतपुरीच्या पावसात भिजलेला रॉड तुमच्या पाइपात कोंबला की काय होतं माहितीये? माझ्या साडूने आठ दिवसांनी झाकण उघडलं तर मुठीच्या कॉर्कवर बुरशीचे काळे ठिपके आणि गाईडच्या, म्हणजे दोरा ओवायच्या कड्यांच्या, पायांना गंज. कापडात निदान हवा लागते.

गंगापूरकाठ :
दादा, दोष पाइपचा की ओला रॉड आठ दिवस विसरणाऱ्याचा?

पेठरोड :
माझे वडील दारणेवर कळकाच्या काठीने मासे धरायचे. काठी चुलीवरच्या माळ्यावर असायची, धुरामुळे तिला कधी भुंगा लागला नाही. एकच काठी वीस वर्षं टिकली. ना पाइप, ना पिशवी. चार हजारांचा रॉड घेऊन त्याला तान्ह्या बाळासारखं जपायचं, त्यापेक्षा काठीच घ्या.

दारणाकर :
विषय काय, तुम्ही बोलता काय? फ्लॅटमध्ये चूल कुठून आणू? आणि काठीने कटला ओढून दाखवा, मग बोलू.

पेठरोड :
वडिलांनी सहा किलोचा कटला काढलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. कंबरभर पाण्यात उतरून, काठी पाण्याला समांतर धरून अर्धा तास त्याला दमवला होता. तुमच्या वीस-वीस मीटर दोऱ्याला ते जमणार नाही. आणि एक सांगतो, कार्बनमधून वीज जाते. जोडलेला रॉड उभा धरून बाईकवर मागे बसलेली पोरं मी धरणाच्या रस्त्यावर तारांखालून जाताना बघतो. माझ्या पोटात गोळा येतो.

गंगापूरकाठ :
वडिलांबद्दल आदर आहेच, काका. पण काठीचं टोक तडकलं की तीही तिथंच मोडते. तारांचं मात्र शंभर टक्के खरं. रॉड रस्त्यावर कधीच जोडून नेऊ नये.

सिडकोताई :
काठी-कार्बन पुरे करा! सगळे दांड्यावर भांडताय, टिपच्या, म्हणजे टोकाच्या, रिंगकडे कुणी बघत नाही. मी रॉड दाराआड टेकवून ठेवायचे. दार आपटलं, टिपच्या सिरॅमिक रिंगला केसाएवढा तडा गेला. डोळ्यांना दिसेना, पण दर रविवारी तंगूस (गळाचा दोरा) तुटायचा. मी दोऱ्याच्या दुकानदाराशी भांडून आले. मग कान साफ करायची कापसाची काडी रिंगमधून फिरवली, तर कापसाचे तंतू अडकले. झालं, कळलं. आता भिंतीला दोन आकडे ठोकून रॉड आडवा ठेवते, खाली सामान नाही. टेकवून ठेवला की महिनोन्महिन्यांनी बाकही येतो.

दारणाकर :
ताईंचं पटलं. कापसाची काडी आजच फिरवतो.

गंगापूरकाठ :
आणि पाइप?

दारणाकर :
झाकणाला चार भोकं पाडायची, रॉड पुसून, पिशवीसकट आत घालायचा आणि घरी पोचल्या पोचल्या बाहेर काढायचा, एवढं कबूल असेल तर प्रवासापुरता पाइप चालेल. घरात मात्र उघडाच टांगणार, त्यावर वाद नको. साडूला सांगणार नाही, नाहीतर तो म्हणेल मी आधीच सांगत होतो.

पेठरोड :
तुकड्यांच्या जोडावर मेणबत्तीचं मेण घासा. काठीवाल्याचं एवढं तरी ऐका. नाहीतर जोड अडकतो, आणि मग दोन माणसं दोन्हीकडून ओढून तोच मोडतात.