मदत हवी आहे: ३ पैकी २ मल्टिसिग नव्या लॅपटॉपवर उभं केलं, शिल्लक शून्य

छप्पन_दुकान
लवकर मदत हवी आहे. बिटकॉइनचं ३ पैकी २ सह्यांचं मल्टिसिग वॉलेट (चाव्या तीन, सह्या कुठल्याही दोन), स्पॅरो या प्रोग्रॅममध्ये केलेलं. जुना लॅपटॉप गेला. नव्यावर स्पॅरो टाकलं, तिन्ही चाव्या परत भरल्या, कुठेही एरर नाही, पण शिल्लक शून्य आणि व्यवहार एकही नाही. पत्तेसुद्धा वेगळेच येताहेत. जुना पत्ता ब्लॉक एक्सप्लोररवर (सगळे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) टाकला तर पैसे जागच्या जागी दिसतात. काय चुकतंय? परवापर्यंत एक पेमेंट करायचं आहे. "आधी अभ्यास करा" छाप उत्तरं कृपया नकोत.

गोपाचल
सर्व्हरला जोडलंय का? स्पॅरोच्या खिडकीत खाली उजव्या कोपऱ्यात खटका आहे, तो बंद असेल तर शून्यच दिसणार. जोडलेलं असेल तर सेटिंग्ज, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन गॅप लिमिट, म्हणजे सलग किती रिकामे पत्ते तपासायचे तो आकडा, २० चा १०० करून बघा.

नोडवाला
गोपाचल, ते "पत्तेसुद्धा वेगळे" म्हणताहेत. पत्ता सर्व्हर देत नाही, चाव्यांमधून निघतो. आणि पहिलाच पत्ता चुकत असेल तर शंभरावा कुठून बरोबर येणार?
छप्पन, जुना पत्ता कशाने सुरू होतो आणि किती अक्षरी आहे? तीन चाव्या कुठल्या यंत्रांवर आहेत? जुन्या वॉलेटचा डिस्क्रिप्टर (वॉलेटची पूर्ण रचना लिहिलेला मजकूर) किंवा स्पॅरोने काढून दिलेली पीडीएफ कुठे आहे?

छप्पन_दुकान
बीसी१क्यूने सुरू होतो. डिस्क्रिप्टर वगैरे काही नाही, तिन्ही सीड आहेत ना, चाव्यांचे शब्द! माझ्याकडे इंदूरला कॉल्डकार्ड, दादाकडे ग्वाल्हेरला ट्रेझर, मावसभावाकडे बडोद्याला सीडसायनर. दोघांनी एक्सपब (पत्ते काढायला लागणारा चावीचा पब्लिक भाग) व्हॉट्सॲपवर पाठवले, ते भरले. हे घ्या तिन्ही, तुम्हीच बघा:
(मजकूर काढला आहे – संपादक)

संपादक
एक्सपब जाहीर टाकू नका. त्याने पैसे कोणी काढू शकत नाही, पण तुमचे मागचे-पुढचे सगळे पत्ते आणि शिल्लक कोणालाही बघता येते. "मला मेसेज करा, रिकव्हर करून देतो" असा एक प्रतिसादही उडवला आहे. असा मेसेज आला तर उत्तर देऊ नका.

पोहे_जिलबी
म्हणूनच म्हणतो, घरगुती माणसाला मल्टिसिगचा खटाटोप कशाला? एक सीड, एक भक्कम पासफ्रेज (सीडच्या जोडीला आणखी एक गुप्त शब्द), दोन वेगळ्या जागी. संपला विषय. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजचे सुमारे २३ कोटी डॉलर गेले तेही मल्टिसिगमधूनच. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे दीड अब्ज, तेही मल्टिसिग.

नोडवाला
ती दोन्ही इथरियम या वेगळ्याच साखळीवरची (ब्लॉकचेनवरची), कॉन्ट्रॅक्ट म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी वॉलेटं. तिथे सही करणाऱ्यांना पडद्यावर एक दिसलं आणि सही दुसऱ्यावरच झाली. बिटकॉइनमध्ये कॉन्ट्रॅक्ट नाही, स्क्रिप्ट म्हणजे खर्चाची साधी अट आहे, आणि रक्कम आणि पत्ता यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर वाचता येतो. वाचायचा कंटाळा केला तर मात्र इथेही तेच होईल.

छप्पन, "तिन्ही सीड आहेत ना" हे अर्धंच खरं आहे. ३ पैकी २ चा पत्ता म्हणजे तीन पब्लिक की एकत्र घालून केलेल्या स्क्रिप्टचा हॅश (तिच्यातून गणिताने निघणारा ठरावीक लांबीचा आकडा). सही दोघांची पुरते, पण पत्ता काढायला तिघांच्याही की लागतात. तिसऱ्याचा एक्सपब चुकीचा असेल तर बाकी दोन कितीही बरोबर असोत, पत्ता साफ वेगळा निघतो, आणि स्पॅरो तक्रार करणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते एक नवं कोरं वॉलेटच आहे. तुमच्यासमोर शून्य येतंय ते त्यामुळेच. पत्त्याची अक्षरं मोजा, ४२ की ६२?

छप्पन_दुकान
६२.

नोडवाला
छान, म्हणजे पी२डब्ल्यूएसएच, स्क्रिप्टवर बेतलेला नेटिव्ह सेगविट पत्ता. जुन्या रूपात गुंडाळलेलं, म्हणजे नेस्टेड, असतं तर ३ ने सुरू झालं असतं, एकट्या सहीचं नेटिव्ह सेगविट असतं तर ४२ भरली असती. स्क्रिप्ट टाइप मार्गी लागला. आता डेरिव्हेशन, म्हणजे सीडमधून की काढायची वाट (पाथ). तिन्ही कीस्टोअरच्या (चाव्यांच्या) टॅबवर ४८'/०'/०'/२' दिसतंय का?

छप्पन_दुकान
हो, तिन्हीवर तेच आहे. दोघांचं मीच टाइप केलं.

सयाजीबाग
"मीच टाइप केलं" इथेच घोळ असू शकतो. सीडसायनरमध्ये एक्सपब काढताना आधी सिंगल सिग की मल्टिसिग विचारतं. मावसभावाने सिंगल निवडलं असेल तर ती ८४'/०'/०' ची की आहे, आणि तुम्ही वर ४८ चं लेबल चिकटवलंत. नुसता मजकूर चिकटवला तर स्पॅरोला फरक कळेलच असं नाही. त्याला सांगा: एक्सपोर्ट एक्सपब, मल्टिसिग, नेटिव्ह सेगविट, स्पॅरो. आणि व्हॉट्सॲपच्या मजकुराऐवजी क्यूआर स्कॅन करा, त्यात फिंगरप्रिंट (सीडच्या मुख्य चावीची छोटी ओळख) आणि पाथ सोबतच येतात.

सराफा_रात्री
चाव्यांचा क्रम बदलून बघा. तीन चाव्या म्हणजे सहाच क्रम, दहा मिनिटांचं काम.

सयाजीबाग
स्पॅरो सॉर्टेडमल्टी वापरतो. स्क्रिप्टमध्ये पब्लिक की आपोआप क्रमाने लागतात, तुम्ही कुणालाही आधी भरा. सहाही वेळा तोच पत्ता येईल.

क्षिप्रा७८
सेफ या मल्टिसिग वॉलेटच्या साइटवर जा, नवीन अकाउंट, तीन ओनर टाका, थ्रेशोल्ड २ ठेवा. मेटामास्कने पाच मिनिटांत होतं. हे सीडसायनर वगैरे कशाला?

नोडवाला
ते इथरियमचं आहे हो. त्यांचे पैसे बिटकॉइनवर आहेत.

छप्पन_दुकान
मावसभावाने पुन्हा मल्टिसिग निवडून क्यूआर दिला, आधी पाठवलेला होता तोच निघाला. म्हणजे त्याचं बरोबरच होतं. पत्ता अजूनही वेगळा. वेळ चाललाय.

नोडवाला
कॉल्डकार्डमध्ये सेटिंग्ज, मल्टिसिग वॉलेट्स उघडा. तिथे तुमचं वॉलेट नोंदलेलं असेल, त्यावर जाऊन कॉल्डकार्ड एक्सपोर्ट करा. मेमरी कार्डवर एक साधी टेक्स्ट फाइल येईल: पॉलिसी, पाथ, तीन फिंगरप्रिंट, तीन एक्सपब. ती स्पॅरोत आयात केली की काम झालं.

छप्पन_दुकान
तिथे काहीच नाही. हा कॉल्डकार्ड नवा आहे, जुन्याचं बटण खराब झालं म्हणून बदलला. २४ शब्द भरून उभा केला.

गोपाचल
भिया, हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही सांगितलं?

नोडवाला
२४ शब्दांत फक्त चावी येते, मल्टिसिगची नोंद येत नाही. ती यंत्राच्या सेटिंग्जमध्ये असते. जुन्या कॉल्डकार्डचा ७झेड बॅकअप आणि त्याच्या पासवर्डचे बारा शब्द असतील तर त्यात सापडेल. नसेल तर जुनं मेमरी कार्ड बघा. मल्टिसिगवर पहिली सही झाली की कॉल्डकार्ड कार्डावर नावाच्या शेवटी "-पार्ट" लागलेली पीएसबीटी (सह्या अपुऱ्या असलेल्या व्यवहाराची) फाइल ठेवतो. आणि लॅपटॉप गेला म्हणजे नक्की काय गेलं? मदरबोर्ड गेला असेल तर डिस्क काढून ॲपडेटा, रोमिंग, स्पॅरो, वॉलेट्स फोल्डर बघा.

छप्पन_दुकान
डिस्कसकट दुकानात एक्स्चेंजमध्ये दिला. बॅकअप नाही. पण जुन्या कार्डावर "-पार्ट" वाली एक फाइल आहे! मार्चमधली.

नोडवाला
सोनं सापडलं. तिच्यात प्रत्येक इनपुटसाठी (खर्च होणाऱ्या प्रत्येक रकमेसाठी) तिघांचे फिंगरप्रिंट आणि पाथ लिहिलेले असतात. बिटकॉइन कोअर हा प्रोग्रॅम टाका. साखळी उतरवायची गरज नाही, इंटरनेट बंद ठेवलं तरी चालतं. कोअरला मजकूर बेस६४ मध्ये (साध्या अक्षरांत) लागतो आणि तुमची फाइल बायनरी आहे, म्हणून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर आधी सर्टयुटिल -एन्कोड चालवा. निघालेल्या फाइलची पहिली आणि शेवटची ओळ उडवा, उरलेल्या सगळ्या ओळी जोडून एक सलग ओळ करा. मधे एक जरी जागा राहिली तरी "डीकोड फेल्ड" येईल. मग कोअरच्या विंडो मेनूतलं कन्सोल उघडून डीकोडपीएसबीटी ही कमांड आणि पुढे ती ओळ. इनपुट्सखाली बिप३२ डेराइव्ह्ज शोधा. इथे फक्त फिंगरप्रिंटची पहिली दोन-दोन अक्षरं टाका, बाकी काही नको.

सराफा_रात्री
तोवर सांगून ठेवतो, विकलंत तर नफ्यावर ३० टक्के कर, १ एप्रिल २०२२ पासून. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएसही. तिघांच्या चाव्या असल्या तरी मालक कोण हे कागदावर लिहून ठेवा.

पोहे_जिलबी
विचारलं कोणी?

छप्पन_दुकान
जुन्या फाइलमध्ये: ५सी, डी१, ९०. पाथ तिघांचा ४८ वालाच.
आत्ताच्या स्पॅरोत: ५सी, ७एफ, ९०.

सयाजीबाग
५सी तुमचा, ९० मावसभावाचा. दादांचं सीड बदललंय, किंवा तेव्हा पासफ्रेज होती आणि आता नाही. पासफ्रेज घातली की मास्टर चावीच वेगळी होते, म्हणून फिंगरप्रिंटही वेगळा. ट्रेझरला चूक-बरोबर कळत नाही, कुठलीही पासफ्रेज टाका, कुठलं तरी वॉलेट उघडतंच.

नोडवाला
आणखी एक. त्याच निकालात वरच्या बाजूला ग्लोबल एक्सपब्स नावाचा भाग आहे का बघा. असेल तर दादांचा जुना एक्सपब तिथेच लिहिलेला आहे, आणि त्यांना काही आठवायचीही गरज नाही. पत्त्यासाठी त्यांचा एक्सपब हवा, सही तुमची आणि मावसभावाची पुरते.

छप्पन_दुकान
ते बघायच्या आधीच दादाला फोन लावला. म्हणाला, "हो, तेव्हा एक शब्द टाकला होता, मला वाटलं पिनसारखंच असतं, ते काय सांगायचं." शब्द म्हणजे आपल्या गावाचं नाव, रोमनमध्ये. सरकारी स्पेलिंग टाकलं तर भलताच फिंगरप्रिंट आला. सगळं लहान लिपीत, तरी नाही. शेवटी आपण म्हणतो तसं ग्वाल्हेर, मधला एच घालून, पहिलं अक्षर कॅपिटल: डी१!! त्याचा एक्सपब घातला, पहिला पत्ता जुळला, शिल्लक आली. सगळ्यांचे आभार.

गोपाचल
ग्वाल्हेरच्या माणसाने ग्वालियर लिहिलं असतं तरच नवल.

पोहे_जिलबी
अभिनंदन. आणि आता ती पासफ्रेज सगळ्या जगाला कळली.

नोडवाला
पोहे_जिलबी पहिल्यांदाच बरोबर बोलले. (आणि भक्कम पासफ्रेज दोन जागी ठेवण्याच्या तुमच्या योजनेचं काय होतं, तेही या धाग्यातच दिसलं.) छप्पन, घाबरू नका, दादांचं सीड हाती लागल्याशिवाय त्या शब्दाचा उपयोग नाही, आणि लागलं तरी तिघांतली एकच चावी जाते. पण दादांना नवं सीड करायला सांगा, पासफ्रेजशिवाय. एक चावी बदलली की वॉलेटच नवं होतं, सगळे पत्ते नवे, म्हणून पैसे जुन्यातून नव्यात पाठवावे लागतील. आधी थोडी रक्कम पाठवा, ती नव्यातून दोन सह्या करून बाहेर काढून बघा, मगच बाकीचं. किती इनपुट आहेत?

छप्पन_दुकान
११. पण कॉल्डकार्ड आता सहीच करत नाही, हे मल्टिसिग माहीत नाही म्हणतो.

सयाजीबाग
कारण नोंद नाही. स्पॅरोत सेटिंग्ज, एक्सपोर्ट, कॉल्डकार्ड मल्टिसिग. ती फाइल मेमरी कार्डवर. कॉल्डकार्डमध्ये मल्टिसिग वॉलेट्समध्ये फाइलमधून आयात. पडद्यावर ३ पैकी २ आणि तिन्ही फिंगरप्रिंट येतील, ते आजच्या ५सी, डी१, ९० शी ताडून मगच होकार द्या. सीडसायनर काहीच साठवत नाही, तो नोंदीशिवाय सही करेल, पण चिल्लर (पेमेंटनंतर उरलेली रक्कम) परत तुमच्याच पत्त्यावर येते आहे की नाही हे तपासायला डिस्क्रिप्टरचा क्यूआर मागेल. तो टप्पा गाळू नका.

नोडवाला
फीचा हिशेब: असा एक इनपुट साधारण १०४ व्हीबाइट (व्यवहाराच्या आकाराचं माप), साध्या वॉलेटचा ६८ असतो. ११ इनपुट आणि एक आउटपुट मिळून सुमारे १,२०० व्हीबाइट. दर व्हीबाइटमागे ३ सॅट (बिटकॉइनचं सर्वांत लहान एकक) असेल तर ३,६०० सॅट. पेमेंटची घाई असेल तर पेमेंट आधी जुन्यातूनच करा, स्थलांतर रविवारी. नवं वॉलेट झालं की त्याच्या डिस्क्रिप्टरची पीडीएफ तीन प्रती, प्रत्येक सीडसोबत एक. एखादी प्रत सीडसकट कुणाला सापडली तर तो शिल्लक बघेल, काढू शकणार नाही.

छप्पन_दुकान
आयात झालं, सही झाली. मावसभाऊ रात्री दुकान बंद करून दुसरी करतो म्हणाला. ती पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली तर चालेल ना?

संपादक
नाही.