प्रतिसाद : हस्तलिखित घरीच ठेवा

पहिली कादंबरी पूर्ण झाली आहे, ती घेऊन अखिल भारतीय साहित्य संमेलनाला जावं का, असं तुम्ही विचारलंय. जा, पण तीनशे पानांचं बाड नेऊ नका. ग्रंथप्रदर्शनात गाळ्यावर बसलेला माणूस बहुधा विक्री सांभाळत असतो, त्याचं लक्ष पावतीपुस्तकाकडे. संपादक कधी येणार, एवढंच त्याला विचारा. संपादक भेटलेच तर एका पानाचा सारांश आणि पहिलं प्रकरण पुरे.

त्याआधी त्या प्रकाशनाच्या दोन-तीन अलीकडच्या कादंबऱ्या चाळून घ्या. ग्रामीण वास्तव छापणाऱ्यांना विज्ञानकथा दाखवून उपयोग काय? छापण्यासाठी तुमच्याकडेच पैसे मागणारेही भेटतील. व्यवहार स्वच्छ असेल तर वाईट नाही, पण प्रती किती आणि विकणार कोण, हे लेखी घ्या.

कवींची सोय कविकट्ट्यावर, म्हणजे एकामागून एक कवी आपली कविता वाचतात त्या मंचावर होते, कादंबरीकाराला तसा कट्टा नाही. (पाच मिनिटांत कादंबरी वाचणार तरी कशी!) म्हणून परिसंवाद संपल्यावर मंडपाबाहेर चहाला जमणाऱ्या घोळक्यात शिरा. आमच्यासारख्यांच्या खऱ्या ओळखी तिथेच होतात. उद्घाटनाची भाषणं चुकली तरी चालतील.

आणि एकाच मंडपात अडकू नका. २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय संमेलनाच्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही भरलं होतं, म्हणजे या मोठ्या संमेलनाला पर्याय म्हणून भरणारं. असा योग आला तर दोन्हीकडे जा. वाचक दोन्हीकडे असतात आणि छोटे, धाडसी प्रकाशक विद्रोही संमेलनात भेटण्याची शक्यता मला जास्त वाटते.