होस्ट आणि व्हीएमच्या बोलण्यात नेटवर्क कशाला? व्हीसॉक वापरा की!

बिनतारी (धागाकर्ता)

मत स्पष्टच मांडतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, त्याच्या आतली सिस्टम म्हणजे 'गेस्ट') आणि त्याचा होस्ट (ते चालवणारा खरा संगणक) यांच्यातल्या कामकाजाच्या बोलण्यासाठी आयपी नेटवर्क वापरणं हा निव्वळ आळस आहे. दोघंही एकाच डब्यात, एकाच रॅमवर चालतात. तरी आपण मध्ये ब्रिज (आभासी नेटवर्क स्विच) टाकतो, पत्ते वाटायला डीएचसीपी बसवतो, फायरवॉलला भोक पाडतो. मग गेस्टमध्ये कुणीतरी व्हीपीएन चालू करतं, राउटिंग टेबल बदलतं आणि होस्टशी बोलणारा एजंट मुका होतो. त्या एजंटचा व्हीपीएनशी काय संबंध? काहीही नाही.

व्हीसॉक, म्हणजे होस्ट आणि गेस्टला नेटवर्कशिवाय थेट जोडणारं सॉकेट, नेमकं यासाठी आहे. लिनक्स कर्नलमध्ये ते ३.९ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. आधी व्हीएमवेअरच्या व्हीएमसीआय या वाहिनीवर, मग ४.८ मध्ये (२०१६) व्हर्टआयओ या व्हीएमसाठीच्या प्रमाणित आभासी उपकरणांवर, नंतर ४.१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीवर. पत्त्यात दोनच आकडे: सीआयडी (कुठलं मशीन) आणि पोर्ट (त्यातली कुठली सेवा), दोन्ही ३२ बिटांचे. होस्टचा सीआयडी कायम २. गेस्टला ३ किंवा त्यापुढचा. सबनेट नाही, गेटवे नाही, डीएनएस नाही. प्रोग्रॅममध्ये सॉकेट, बाइंड, लिसन, अ‍ॅक्सेप्ट सगळं तेच राहतं, अ‍ॅड्रेस फॅमिली तेवढी बदलायची. पायथनमध्ये तर ३.७ पासून सोय आहे.

गेस्टला नेटवर्क कार्डच दिलं नाही तरी हे चालतं. अ‍ॅमेझॉनच्या नायट्रो एन्क्लेव्हमध्ये (गुप्त कामासाठीचं कोंडलेलं व्हीएम) बाहेर बोलायला हा एकच रस्ता ठेवलाय, तो उगाच नाही.

पॅकेटपाटील

कडक असहमत. ज्याला तुम्ही आळस म्हणताय त्यात चाळीसेक वर्षांची हत्यारं फुकट मिळतात. रात्री काहीतरी अडकलं की मी टीसीपीडम्प (पॅकेट पकडून दाखवणारं टूल) लावतो, कोण कुणाशी बोलतंय ते दिसतं. एनएफटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) एक ओळ टाकतो, नको ते बंद. व्हीसॉकचं पॅकेट नेटफिल्टरच्या (कर्नलात पॅकेट गाळणारा भाग) वाटेने जातच नाही, त्यामुळे तुमची सगळी फायरवॉल तिथे शोभेची.

शिवाय 'फक्त अ‍ॅड्रेस फॅमिली बदलायची' हे वाक्य स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमपुरतं खरं. माझ्याकडे जावामधली सेवा आहे, तिच्या मूळ लायब्ररीत व्हीसॉकचा पत्ताच नाही. मग काय करायचं? गेस्टमध्ये एक सोकॅट (एका सॉकेटचा डेटा दुसऱ्यात ओतणारं टूल), होस्टवर दुसरा सोकॅट, आणि ते दोन्ही जिवंत आहेत ना हे बघायला तिसरं काहीतरी. ब्रिज टाळायला निघालो आणि दोन प्रॉक्सी सांभाळत बसलो.

बिनतारी

@पॅकेटपाटील, पॅकेट बघायचीच असतील तर व्हीसॉकमॉन नावाचं डिव्हाइस ४.१२ पासून कर्नलात आहे. ते उभं करा आणि तुमचा लाडका टीसीपीडम्प त्यावर लावा. चालू कनेक्शनं 'एसएस' ही कमांड दाखवते. जावाचा मुद्दा रास्त आहे, पण तो जावाचा दोष.

पॅकेटपाटील

दोष कुणाचाही असो, निस्तरायचा मला आहे.

शंकासुर

बाळबोध प्रश्न विचारतो. क्यूएमूचा (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) गेस्ट एजंट इतकी वर्षं व्हर्टआयओ-सिरीयल या आभासी सिरीयल पोर्टवर चालतोय, त्यालाही आयपी लागत नाही. मग हे नवीन खूळ कशाला?

रात्रपाळी

@शंकासुर, प्रश्न बाळबोध नाही, उलट सगळं पाणी तिथेच मुरतंय. सिरीयल म्हणजे एक चॅनेल, दोन टोकं. 'कनेक्शन' अशी गोष्टच नाही. होस्टवरचा प्रोग्रॅम उत्तर अर्धं वाचून मेला, तर उरलेलं अर्धं उत्तर चॅनेलमध्ये तसंच पडून राहतं आणि पुढचा प्रोग्रॅम येऊन ते आपलंच समजून वाचतो. म्हणून गेस्ट एजंटला 'गेस्ट-सिंक' अशी खास कमांड द्यावी लागली: एक आकडा पाठवायचा, तोच आकडा परत येईपर्यंत मधलं सगळं टाकून द्यायचं. तिच्या दुसऱ्या अवतारात उत्तराआधी एक एफएफ बाइट येतो, कारण तो बाइट शुद्ध जेसनमध्ये कधीच येऊ शकत नाही. हुशारी आहे, नाही कोण म्हणतं? पण जोडणी तुटली हे कळवायची सोय खाली नसल्यामुळे ती वर करावी लागली.

व्हीसॉकमध्ये समोरचा मेला की कनेक्शन बंद होतं, पुढच्याला नवं मिळतं. एकाच वेळी दहा जण बोलू शकतात. कुणाला किती बाइट पाठवायची मुभा आहे याचा हिशेब प्रत्येक कनेक्शनमागे वेगळा असतो: वाचणारा आपला बफर केवढा आणि त्यातलं किती उपसलं हे पॅकेटच्या हेडरमधूनच सांगत राहतो. एक जण सुस्त झाला म्हणून बाकीच्यांचा मार्ग अडत नाही. गेस्ट एजंट स्वतःही आता व्हीसॉकवर ऐकू शकतो.

वेगाचा मुद्दा मात्र कुणी काढू नका. मोठा डेटा ढकलायचा असेल तर व्हीहोस्ट (व्हर्टआयओचं होस्टच्या कर्नलात चालणारं टोक) लावलेलं व्हर्टआयओ-नेट (आभासी नेटवर्क कार्ड) काही लेचंपेचं नाही. व्हीसॉक वेगासाठी घेत असाल तर चुकीच्या दुकानात आलात.

तिसरी घंटा

सगळे सोयीवर बोलताय, सुरक्षेवर कुणीच नाही. होस्टवर सीआयडी २, पोर्ट अमुक असा सर्व्हर उघडला की गेस्टमधली कुठलीही प्रोसेस त्याला धडक देऊ शकते. रूट असायची गरज नाही. युनिक्स सॉकेटवर (एकाच मशीनमधल्या प्रोसेसना फाइलमार्फत जोडणारं सॉकेट) निदान समोरच्याचा यूआयडी (यूजरचा आकडा) विचारता येतो, इथे तेही नाही. होस्टला एवढंच कळतं की 'तीन नंबरच्या व्हीएममधून कुणीतरी आलंय'.

गेस्टमध्ये कंटेनर चालवत असाल तर आणखी गंमत. कंटेनरला नेटवर्क नेमस्पेस (स्वतःपुरतं अलग नेटवर्क) वेगळी दिली, आत लूपबॅकशिवाय काही ठेवलं नाही, म्हणजे तो कोंडला असं आपण धरून चालतो. पण आज चालू असलेल्या बहुतेक कर्नलांत व्हीसॉक नेमस्पेसला जुमानत नाही. नेटवर्क नसलेला कंटेनर सरळ होस्टशी बोलतो. म्हणूनच डॉकरने आपल्या नेहमीच्या सेककॉम्प प्रोफाइलमध्ये (कंटेनरला कर्नलकडे काय मागता येईल याची यादी) व्हीसॉकचं सॉकेट उघडायलाच बंदी घातली.

आणि ज्यांना वाटतं की व्हीएम न वापरणाऱ्यांचा याच्याशी संबंध नाही, त्यांनी सीव्हीई-२०२१-२६७०८ (जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा क्रमांक) बघावा. व्हीसॉकच्या कोडमधल्या रेस कंडिशन, साध्या यूजरवरून रूट. एकाच वेळी अनेक ट्रान्सपोर्ट (व्हीएमसीआय, व्हर्टआयओ वगैरे) चालावेत म्हणून ५.५ मध्ये जो बदल केला, त्यातून हे शिरलं होतं. मॉड्यूल आधीपासून चढवलेलं असायचीही गरज नव्हती: साध्या यूजरने व्हीसॉकचं सॉकेट मागितलं की कर्नल ते आपणहून चढवायचा.

बिनतारी

@तिसरी घंटा, सीव्हीई तर टीसीपीतही निघालेत, म्हणून आयपी सोडायचं का? तुमचा पहिला मुद्दा ब्रिजलाही तसाच लागू आहे. ब्रिजवरच्या पोर्टला गेस्टमधली कुठलीही प्रोसेस धडकू शकते.

उलट ब्रिजवर गेस्ट दुसऱ्याचा आयपी लावून बसू शकतो, एआरपीमध्ये (कुठला आयपी कुठल्या कार्डाचा हे सांगायची पद्धत) खोटं बोलू शकतो, आणि ते रोखायला वेगळे नियम लिहावे लागतात. व्हीहोस्ट-व्हीसॉकमध्ये पॅकेटवर लिहिलेला पाठवणारा आणि त्या गेस्टला दिलेला सीआयडी जुळला नाही तर होस्टचा कर्नल पॅकेट फेकून देतो. कुठलं व्हीएम बोलतंय हे खात्रीने कळतं. आतली कुठली प्रोसेस, ते टोकनवर सोडवा.

तिसरी घंटा

'तसाच लागू' नाही हो. गेस्टमध्ये एनएफटेबल्सला यूआयडी बघून पॅकेट अडवायला सांगता येतं. तुमच्या रस्त्यावर तो नाकाच नाही, पॅकेटपाटीलही वर तेच सांगतायत. आणि टोकनच द्यायचं तर टीएलएसही (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) आलं, म्हणजे फिरून तिथेच.

बिनतारी

टीएलएसला खाली बाइटचा सरळ प्रवाह लागतो, आयपी नाही. व्हीसॉकवर ते बिनतक्रार चालतं, फक्त सर्टिफिकेटवरचं नाव कशाशी जुळवायचं ते तुम्ही ठरवायचं.

अर्धविराम

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

रात्रपाळी

दोघांच्या मध्ये पडतो. सीआयडीची खरी डोकेदुखी वेगळीच आहे. व्हीहोस्टमध्ये तो आकडा अख्ख्या होस्टवर एकमेव असावा लागतो. म्हणजे कुणीतरी वाटप करायला हवं, आणि दोन वेगवेगळी टूल्स एकाच होस्टवर व्हीएम उभी करत असतील तर दोघांनाही ३ हवा असतो. दुसऱ्याचं व्हीएम उभंच राहत नाही.

फायरक्रॅकरने (छोटी व्हीएम चालवणारा अ‍ॅमेझॉनचा प्रोग्रॅम) यातून चांगली वाट काढलीय. गेस्टला आत व्हीसॉकच दिसतं, पण होस्टच्या बाजूला ते युनिक्स सॉकेटची फाइल असते. होस्टवरून आत जायचं तर त्या फाइलला जोडून 'कनेक्ट ५२' अशी एक ओळ लिहायची, पलीकडे ५२ नंबरच्या पोर्टवर कुणी ऐकत असेल तर 'ओके' आणि एक आकडा परत येतो, पुढे तुमचा डेटा. गेस्टने बाहेर ५२ वर हाक मारली तर फायरक्रॅकर त्याच फाइलच्या नावाच्या शेवटी '_५२' जोडलेली दुसरी फाइल शोधतो. हजार व्हीएमना सीआयडी ३ द्या, फायली वेगळ्या असल्या की झालं. आणि फाइल म्हटली की मालक आला, परवानग्या आल्या. @तिसरी घंटा, होस्टवरचा कोण कुठल्या व्हीएमशी बोलू शकतो, एवढा तरी प्रश्न त्याने सुटतो.

तिसरी घंटा

हे पटलं. पण मग धाग्याचं शीर्षक 'युनिक्स सॉकेट वापरा' असं हवं होतं :)

पॅकेटपाटील

लाइव्ह मायग्रेशनवर (चालू व्हीएम न थांबवता दुसऱ्या होस्टवर हलवणं) कुणी बोलेल का? ब्रिजवर माझं व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर जातं आणि टीसीपी कनेक्शनं शाबूत राहतात.

रात्रपाळी

बाहेरच्या जगाशी असलेली कनेक्शनं शाबूत राहतात, बरोबर. पण जुन्या होस्टवरच्या एजंटशी जोडलेलं टिकवून करणार काय? तो एजंट आता व्हीएमचा होस्टच उरला नाही. व्हर्टआयओ व्हीसॉकमध्ये गेस्टला 'ट्रान्सपोर्ट रीसेट' असा इव्हेंट येतो, जुळलेली कनेक्शनं तुटतात, ऐकत बसलेली सॉकेट तशीच राहतात. सीआयडीही बदललेला असू शकतो. प्रोग्रॅमने पुन्हा २ ला जोडलं की नवा होस्ट भेटतो. मला तरी हे वागणं जास्त प्रामाणिक वाटतं.

पॅकेटपाटील

पुन्हा जोडायचा कोड लिहिलेला असेल तर. बहुतेकांनी लिहिलेला नसतो.

असो. एका जागी मी व्हीसॉक लावलंय: सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) २५६ पासून गेस्टमध्ये व्हीसॉक दिसलं की एसएसएच (दुरून लॉगिन करायची सेवा) त्याच्या २२ नंबरच्या पोर्टवर आपोआप ऐकायला लागतं, आणि होस्टवरून 'व्हीसॉक/३' असा पत्ता दिला की आत जाता येतं. गेस्टच्या नेटवर्कची वाट लागली की कन्सोलवर चाचपडण्यापेक्षा हे बरं. बाकी सगळं ब्रिजवरच ठेवणार.

बिनतारी

म्हणजे नेटवर्क झोपल्यावर ज्याच्या जिवावर तुम्ही आत शिरता, त्याच्यावर नेटवर्क उभं असताना मात्र भरवसा नाही. छान!

शंकासुर

आणि दोन गेस्टना आपसात बोलायचं असेल तर?

रात्रपाळी

व्हीहोस्टमध्ये नाही जमत. गेस्टने दुसऱ्या गेस्टचा सीआयडी लिहून पाठवलेलं पॅकेट होस्ट पुढे देत नाही. होस्टवर मधला निरोप्या बसवा.

पॅकेटपाटील

किंवा ब्रिज टाका.

बिनतारी

टाका की. धागा होस्ट आणि गेस्टचा आहे, गेस्ट-गेस्टसाठी ब्रिज नको असं मी कुठे म्हटलंय?