घट्टे, कुरूप, भोवरी : तुमचा अनुभव लिहा

तळपायाला घट्टा पडला की आधी ब्लेड आठवतं. मीही दोन वर्षं दर पंधरवड्याला कापत होते, आणि तो पुन्हा हजर. शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पाय बघायच्या आधी माझी चप्पल हातात घेतली. चवड्याखाली तळ झिजून खड्डा पडला होता, बरोब्बर घट्ट्याच्या जागी. "कातडी स्वतःला वाचवतेय. आधी दाब काढा," त्या म्हणाल्या. मऊ तळाची, पुढून रुंद चप्पल घेतली. रोज १० मिनिटं कोमट पाण्यात पाय, मग हलक्या हाताने वज्री, आणि पाय ओलसर असतानाच युरियाचं क्रीम. दोन महिन्यांनी पाऊल सपाट टेकायला लागलं. तुम्ही काय केलंत? फसलेले उपायही सांगा, तेच जास्त कामाचे.

—

माझं 'कुरूप' चामखीळ निघालं. वर्षभर कापलं, दरवेळी रक्त. चामखीळ विषाणूने होते, त्यामुळे कापाकापीत शेजारी आणखी तीन उगवल्या. कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की. शिवाय काळे ठिपके दिसतात आणि त्वचेच्या रेघा तिथे तुटतात; घट्ट्यावरून त्या सलग जातात.

—

बाबांना मधुमेह. त्यांच्या पायाला औषधी कॉर्न कॅप (कुरुपावर चिकटवायची पट्टी) मीच लावली. त्यातलं ४० टक्के सॅलिसिलिक ॲसिड कुरूप आणि धडधाकट कातडी असा भेद करत नाही. पाय बधिर, त्यामुळे बाबांना काही जाणवलंच नाही. चौथ्या दिवशी मोज्यावर ओला डाग दिसला तेव्हा कळलं. जखम भरायला तीन महिने गेले. मधुमेह असेल तर घरी ब्लेड नको, कॅप नको, साधा घट्टासुद्धा डॉक्टरांनाच दाखवा. घट्ट्याखाली जखम लपलेली असू शकते. आता रोज रात्री मी त्यांचे तळवे बघते.

—

मला मात्र घट्टे हवे असतात! गिटार वाजवतो. महिनाभर हात लावला नाही की बोटांची टोकं मऊ पडतात आणि तारा पुन्हा रुततात.

—

पायाच्या करंगळीच्या बेचक्यात पांढरं, ओलं काहीतरी झालं होतं. चिखल्या समजून बुरशीचं मलम लावत राहिले, फरक शून्य. तेही कुरूपच होतं, घामाने मऊ पडलेलं. दोन बोटांची हाडं एकमेकांवर घासत होती. बोटांमध्ये सिलिकॉनची गादी ठेवली, टोकदार बूट देऊन टाकले. आता तिथे नुसती गुलाबी खूण उरलीय.