मंगळवारचा इंटरव्ह्यू (सोसायटी ग्रुप, राजारामपुरी)

बी-३०२ काकू: मंडळी, थोरलीचा मंगळवारी ११ वाजता पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचा इंटरव्ह्यू आहे, ऑनलाइन. टेस्ट पास झाली. आता नुसतं पाठांतर चाललंय, जेवणावर लक्ष नाही. सी-१०४, अरे तू मुलाखती घेतोस ना? काय विचारतात?

सी-१०४: काकू, आधी पाठांतर थांबवा. फ्रेशरला बहुधा एक-दोन टेक्निकल राऊंड, मग एचआर. टेक्निकलमध्ये स्क्रीन शेअर करून कोडिंगचा प्रश्न, शिवाय डेटाबेस, ओओपी (ऑब्जेक्ट वापरून प्रोग्राम लिहायची पद्धत) आणि रेझ्युमेवरचा प्रोजेक्ट. सिस्टिम डिझाइन, म्हणजे मोठी सिस्टिम कशी रचायची ते, सहसा अनुभवी लोकांना असतं.

बी-३०२ काकू: दादा, मी लिहितीय आईच्या फोनवरून. उत्तर सुचलंच नाही तर?

सी-१०४: गप्प बसू नकोस, बाकी सगळं नंतर. समज, आकड्यांची यादी दिली आणि त्यातल्या कुठल्या दोघांची बेरीज ठरलेल्या संख्येएवढी होते ते शोधायला सांगितलं. नेहमीचा प्रश्न. बरीच पोरं ऐकल्या ऐकल्या टाइप करत सुटतात. तू आधी विचार: यादी क्रमाने आहे का? तोच आकडा दोनदा येतो का? जोडी सापडलीच नाही तर काय परत द्यायचं? मग सरळ मार्ग सांग, दोन लूप, म्हणजे प्रत्येक आकडा बाकीच्या प्रत्येकाशी जोडून बघायचा. आकडे १ लाख असले तर जवळपास ५०० कोटी जोड्या तपासाव्या लागतील, हेही तूच बोल. मग सुधारणा: प्रत्येक आकड्याचा जोडीदार आधी येऊन गेलाय का ते हॅश मॅपमध्ये (नोंदवलेला आकडा लगेच सापडतो अशी यादी) बघायचं. एका फेरीत काम होतं, बदल्यात मेमरी जास्त जाते. यादी क्रमाने असेल तर दोन्ही टोकांकडून आत येत जायचं, ती मेमरीही वाचते. हा विचार मला ऐकू आला की एखादा सेमीकोलन राहिला तरी मी अडून बसत नाही.

ए-४०१ काका: शिरोलीच्या कारखान्यात आमच्या वेळी लेथवर उभं करून जॉब, म्हणजे धातूचा नग, काढून दाखवायला लावायचे. बोलायचं काम नव्हतं. इंग्रजीचं काय पण? आपली पोरं हुशार असून तिथंच कच खातात.

सी-१०४: काका, छोटी सरळ वाक्यं पुरतात. ‘फर्स्ट आय विल चेक धिस’, झालं. उच्चारावरून पोरगी नापास करणं मला तरी पटत नाही. प्रोजेक्ट कशावर आहे गं?

बी-३०२ काकू: बस तिकीट बुकिंग. आम्ही चौघांनी केलाय.

सी-१०४: मग त्यात तू काय केलंस ते सांग. ‘आम्ही’ म्हटलंस की पुढचा प्रश्न तोच येतो. आणि दोघांनी एकाच क्षणी एकच सीट बुक केली तर काय होतं?

बी-३०२ काकू: ते तपासलं नाही कधी. आत्ता बघते.

सी-१०४: बघ. दोघांनाही तिकीट मिळत असेल तर बसची फेरी आणि सीट नंबर मिळून युनिक कन्स्ट्रेंट लाव, म्हणजे दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल. ट्रान्झॅक्शनही (सगळे बदल एकदम होतात, नाहीतर एकही नाही) वाचून ठेव. मंगळवारी हे स्वतःहून सांग. एचआरनं ‘एखादी अडचण कशी सोडवलीस’ विचारलं तर तिथंही हेच सांगता येईल.

ए-२०२ ताई: आमच्या भाच्याकडं ‘सिलेक्शन झालंय, लॅपटॉपचं डिपॉझिट भरा’ असा फोन आला होता. पैसे मागितले की फोन ठेवायचा बघ. आणि बाँड (ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याचा करार) असला तर किती वर्षांचा, किती रकमेचा ते वाचल्याशिवाय सही करू नको.

सेक्रेटरी: बी-४०२ चं टाइल्सचं काम मंगळवारी १० ते १ बंद राहील, बोललोय त्यांच्याशी. लाईट गेली तर खालच्या हॉलला इन्व्हर्टर आहे. किल्ली वॉचमनकडं.

बी-३०२ काकू: लई उपकार झाले सगळ्यांचे 🙏

सी-१०४: काकू, रविवारी संध्याकाळी पाठवा तिला आमच्याकडं, खरा इंटरव्ह्यू घेतात तसा सरावाला घेतो. लॅपटॉप आणि रेझ्युमेची प्रिंट आण गं. मोबाइलचा हॉटस्पॉट पण लावून बघू. आणि त्या दिवशी दुसरा फोन टेबलावर ठेवू नकोस, नजर सारखी बाजूला गेली की समोरच्याला शंका येते.